मुसळाला बांधलेली बेडकी

ज्या बेडकाला मी शोधलं, ज्याच्या प्रत्येक बोटाची लांबी मी मोजली आणि ज्याच्यासाठी उन्हातान्हात मोटारसायकल हाकली, त्याच्यावरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं नाही. दुसरं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना वाचकांना माझ्या रागाचं कारण शोधत बसायला नको. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, राग मात्र अजून नोकरीत आहे.

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. मूळचा फैजपूरकडचा. वडील, म्हणजे आमचे आबा, दुसऱ्याच्या केळीच्या बागेत घड वाहायचे. शाळेत असल्यापासून मी व्यापाऱ्यांशी आबांच्या वतीने भांडायचो, कारण आबांना भांडता यायचं नाही. घड बघितला की फण्या किती, केळाचे कंगोरे भरलेत की नाहीत, माल अजून आठ दिवस थांबेल की आज कापला पाहिजे, हे मला सांगता येई. व्यापारी म्हणायचा, "सगळी केळी सारखीच रे भो." मी म्हणायचो, "सारखीच आहेत तर मग तुम्ही तोच घड का उचलला?" पुढे आयुष्यभर बेडकांबाबत मी हेच केलं. सगळे बेडूक सारखे, असं म्हणणाऱ्याशी भांडलो.

बेडकाची नवी जात शोधणं म्हणजे कुणी न पाहिलेला बेडूक बघणं, असा लोकांचा समज असतो. बघितलेला तो असतोच. गावातल्या प्रत्येकाने बघितलेला असतो, फक्त त्याला कुणी वेगळा म्हटलेलं नसतं. आमचं काम एवढंच, की हा वेगळा का, ते अशा शब्दांत लिहायचं, की दूर देशात बसलेल्या माणसालाही तो ओळखता यावा. मुस्कट किती लांब, डोळ्यामागचा कानाचा पडदा डोळ्याच्या मानाने केवढा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या आहेत का, बोटांमधला पडदा कुठपर्यंत आला आहे. हे सगळं मोजायचं. मग ज्या जुन्या नमुन्यावरून जवळच्या जातीला नाव दिलं गेलं, तो नमुना स्वतः हातात घेऊन शेजारी ठेवून बघायचा. असे जुने नमुने मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत कपाटबंद असतात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असते. माझ्या गोष्टीतली निम्मी भांडणं त्या किल्लीची आहेत.

गावात माझी ओळख 'बेडकाचे सर' अशी. लोक काहीही घेऊन यायचे. एकदा जळगावहून एक सराफ आले. रेशमी सदरा, हातात स्टीलचा डबा. झाकणाला भोकं पाडलेली. आत एक जाडजूड भेक, खरबरीत कातडीचा बेडूक.

"सर, याच्या डोक्यात मणी असतो म्हणतात. आहे का बघा."

"नसतो."

"उघडून बघितल्याशिवाय कसं सांगता? आम्ही सोनं कसाला लावल्याशिवाय बोलत नाही."

"तुमच्या दुकानात कुणी दगड घेऊन आला, तर तुम्ही तो वितळवून बघता का?"

सराफ हसले. डबा झाकला. जाताना म्हणाले, "मग याचं काय करू?" मी म्हटलं, "जिथून आणला तिथे सोडा, किडे खाईल." त्यांनी खरंच त्याला आपल्या परसात सोडला, आणि पुढे दर दिवाळीला भेटले की, "तुमचा पाहुणा मजेत आहे," असं सांगायचे. असं गिऱ्हाईक मिळालं की माझा दिवस चांगला जायचा.

आता मूळ गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर उद्या कॅमेरे घेऊन माणसं तिथे जाऊन दगड उलटे करतील. त्या गावाजवळच्या ओढ्यात एका पावसाळ्यात मला अंगठ्याएवढे, तांबूस तपकिरी बेडूक दिसले. डोळ्यापासून खांद्यापर्यंत काळा पट्टा, आणि उडी अशी, की आपण हात टाकेपर्यंत तो दोन दगड पलीकडे. आपल्या भागात नेहमी दिसणाऱ्या एका जातीसारखेच, पण बोटांच्या चकत्या मोठ्या आणि मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा बराच कमी. मी काही पकडले.

नमुना टिकवायला चांगलं स्पिरिट लागतं आणि स्पिरिटला परवाना. आमच्या कॉलेजचा परवाना नेमका त्या वर्षी संपलेला. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर नाना माझ्याबरोबर आले होते. काचेच्या बरण्या मोटारसायकलवरून न फोडता नेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नाना म्हणाले, "सर, इथे मोहाची मिळेल. दारूच ना ती पण?" मला पटलं. आम्ही बेडूक मोहाच्या दारूत बुडवून धुळ्याला आणले, आणि महिनाभराने मी ते घेऊन मोठ्या शहरातल्या साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणजे बेडकांतले शेवटचे न्यायाधीश. त्यांनी बरणी उघडली, वास घेतला आणि खिडकी उघडली.

"अहो, हे तर प्यायलेले आहेत!"

खोलीतले सगळे हसले. मोहाची कच्ची पडली होती. आतल्या सगळ्याचा सडून लगदा झाला होता. वय कळायला आतले अवयव बघावे लागतात, ते बघायची सोय राहिली नव्हती. साहेबांनी चिमट्याने एक उचलला, परत ठेवला.

"ही नेहमीच्या जातीची पिल्लं आहेत. वाढतील तसा पडदा वाढेल. खेड्यातून आलेला प्रत्येक लहान बेडूक नवा नसतो."

"ती पिल्लं नाहीत. ओढ्यात बसून नर ओरडतो तशी ती ओरडत होती. पिल्लू कशाला ओरडेल?"

"तुम्ही ऐकलंत. मी नाही ऐकलं." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "पोटात अंडी असलेली मादी आणा. एकच आणा. मग बोलू. पण माझी या भागातल्या बेडकांची यादी पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर छापायला जाईल. त्यात मी यांना पिल्लं म्हणूनच लिहिणार आहे."

अंडी असलेली मादी पिल्लू असू शकत नाही. इतका सरळ पुरावा होता. आणि त्या यादीत माझा बेडूक एकदा दुसऱ्याचं पिल्लू म्हणून छापला गेला, की तो तसाच राहणार. छापलेलं खोडायला कुणी इतक्या दूर येत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. मी आणि नाना तीनदा त्या ओढ्यावर गेलो. ओढ्यात धूळ. दगड उलटावा तर खाली विंचू. उजाड ओढ्यात उभा राहून मी नानांवरच ओरडायचो. नाना शांतपणे विडी पेटवायचे.

चौथ्या खेपेला आम्ही गावात शिरलो तर समोरून धोंडीची फेरी येत होती. पाऊस नाही पडला की आमच्याकडे ही फेरी निघते. दोघांच्या खांद्यावर मुसळ, मुसळाला मधोमध कडुनिंबाच्या पाल्यात बांधलेला जिवंत बेडूक. बायका गाणं म्हणत दारोदारी जातात, प्रत्येक दारात मुसळावर तांब्याभर पाणी ओततात, धान्य मिळतं ते शेवटी सगळे मिळून शिजवून खातात. मी कडेला थांबलो. एका दारात पाणी ओतलं, पाला बाजूला झाला, आणि बेडकाचं पांढरं पोट उन्हात आलं.

त्या पातळ कातडीखाली मोहरीसारखे दाणे दाटून भरलेले होते.

डोळ्यामागे काळा पट्टा. बोटांना चकत्या. माझ्याच बेडकाची मादी, नरांपेक्षा चांगली थोराड, अंड्यांनी भरलेली. मी धावलो.

"थांबा! थांबा! मला ती द्या!"

फेरीच्या पुढे एक म्हातारी होती. गाव तिला केवळअक्का म्हणायचं. काडीसारखी, पण आवाज असा की रानातून ढोरं परत फिरावीत. तिने मुसळापुढे हात आडवा केला.

"तिले हात नको लावू मास्तर. ती देवना कामले लागेल शे."

"अक्का, मला ती विकत द्या. काय म्हणाल ते देतो."

"पैसा दाखाडी ऱ्हायना माले!" ती बायकांकडे वळली. बायका हसल्या. "तुना पैसा वर जाईसन पानी पाडी का?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "अक्का, हे सरकारी काम आहे." ते सरकारी काम नव्हतं.

"मंग सरकारले सांग पानी पाडाले."

नानांनी माझा सदरा मागून ओढला. "सर, भाव करू नका. चढ्या बाजारात कुणी माल सोडतं का?"

तेवढ्याने मी भानावर आलो. खरंच होतं. मी केळीच्या बाजारात वाढलेला माणूस आणि गरजवंताचा चेहरा घेऊन सौदा करत होतो. मी मोटारसायकलवर बसलो, विडी मागितली, पेटवली आणि अर्धी ओढली. मग विचारलं, "फेरी झाल्यावर तिचं काय करता?"

"जठून लई उनूत तठेच सोडनी पडस. जित्ती. नही त पानी येस नही."

जिथून आणली तिथेच जिवंत सोडायची. म्हणजे तिच्या अंगाला हात लावणं बंद, पण घर कळणार होतं. मी म्हटलं, "सोडताना मी येऊ? नुसता बघायला?"

"ये. पन हात पाठीमागे बांधीसन."

फेरी संपली. अक्काने बेडकी ओल्या फडक्यात घेतली. गावाच्या वर, ओढा सोडून, एका उभ्या कड्याच्या पोटाशी आम्ही गेलो. तिथे खडकाच्या चिरेतून बारा महिने पाणी झिरपतं. बायकांचं उन्हाळ्यातलं प्यायचं पाणी ते. मी ओढ्यात धूळ चाळत होतो आणि सगळी बेडकं इथे, या ओल्या दगडावर शेवाळाला चिकटून बसली होती. दोन-चार माद्या तर मला उभ्याउभ्या दिसत होत्या. हात लांब केला असता तर हातात आल्या असत्या.

अक्का माझ्या हाताकडेच बघत होती.

"ही नाही तर यातली दुसरी," मी म्हटलं. "ती काही मुसळावर नव्हती."

"बठ्ठ्या एकच घरन्या शेतस. आज एक मरनी, नि पानी नही उनं, तर गाव काय म्हनी? मास्तरनी पानी अडाव." सगळ्या एकाच घरच्या, असा तिचा हिशेब. ती खाली बसली. "पानी पडू दे. मंग ये. एक लई जा."

"पाच."

"एक."

"एका बेडकावर शास्त्र चालत नाही अक्का. मादी एक, नर चार."

"मादी एक, नर दोन. तेबी पानी पडनं तर."

"आणि नाहीच पडलं तर?"

तिने पदराने तोंड पुसलं. "नही पडनं तर तुनी बेडकी काय नि आम्हनं पोट काय, बठ्ठं सारखंच."

मी हात पुढे केला, आणि तिनं व्यापाऱ्यासारखा माझ्या तळहातावर हात मारला. बेडकी फडक्यातून सुटली, एका उडीत चिरेपाशी गेली आणि ओल्या अंधारात शिरली. माझी दिवाळी तिच्याबरोबर आत गेली.

खाली येताना नाना म्हणाले, "सर, उद्या पहाटे मी एकटा येऊन जाऊ का गुपचूप?" मी त्यांच्यावर इतका ओरडलो, की समोरून येणारी बैलगाडी थांबली. सौदा झाला होता. झालेल्या सौद्यात खोट करणारा माणूस बाजारात दुसऱ्यांदा उभा राहू शकत नाही, हे आबांनी मला मार देऊन शिकवलं होतं.

मग वाट बघणं. धुळ्यात पाऊस पडून उपयोग नव्हता, तो तिकडे पडायला हवा होता. मी रोज कॉलेज सुटल्यावर धुळ्याच्या स्टँडवर जायचो आणि पिंपळनेरकडून येणाऱ्या एसटीची चाकं बघायचो. धूळ. रोज पांढरी धूळ. कंडक्टर मला ओळखायला लागला. "कोण यायचंय सर?" मी म्हणायचो, "पाव्हणी." श्रावण अर्धा उलटला तरी चाकं कोरडीच. साहेबांना मी पत्र टाकलं, थोडं थांबा. उत्तर आलं, छापखाना थांबत नाही.

एक दिवस एसटी आली ती खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "सर, तिकडे लई झोडपलं! एक मोरी वाहून गेली!" आजूबाजूचे प्रवासी बघत राहिले, कारण मी त्या एसटीच्या चिखलाला हात लावून बघत होतो.

रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती म्हणून शेवटचा पल्ला आम्ही चालत गेलो. नानांच्या पिशवीत यावेळी परवान्याचं चोख स्पिरिट होतं. अक्का शेतात वाकलेली. तिने मला बघून कमरेवर हात ठेवले.

"उना का सावकार वसुलीले?"

ती स्वतः कड्यापर्यंत आली. ओल्या दगडावर अंड्यांचे पुंजके चिकटले होते, आणि जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं ते तिथे होतं: बेडूकमासे पाण्यात नव्हतेच, उभ्या ओल्या खडकावर शेपटी आपटत वर सरकत होते. मी गुडघ्यावर बसलो तो बसलोच. शेवटी अक्काच कंटाळली. "लेनं शे का नही?" मी अंड्यांनी भरलेली एक मादी घेतली आणि दोन नर. चौथ्याकडे माझा हात गेला होता, तिने तो चापट मारून परत पाठवला.

साहेबांनी यावेळी वास घेतला नाही. भिंग घेऊन बराच वेळ बघितलं, पोटाला छोटा छेद दिला, अंडी बघितली. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ही नवी आहे." एवढे तीन शब्द ऐकायला मी वर्षभर थांबलो होतो. त्यानंतर लगेच म्हणाले, "आपण दोघं मिळून लिहू. माझं नाव आधी राहील."

मी भांडलो. चपराशी आत डोकावेपर्यंत भांडलो. पण जवळच्या जातीचा जुना नमुना त्यांच्या कपाटात होता. तो शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही आणि वर्णनाशिवाय नाव टिकत नाही. किल्ली त्यांच्याकडे होती. यादी छापायला जायला थोडे दिवस उरले होते. मी तीन अटी घातल्या. यादीतून ती 'पिल्लं' काढायची. एक नर धुळ्याच्या आमच्या कॉलेजात राहील. आणि बेडकाला नाव मी देईन. आमच्या धंद्यात स्वतःच्या नावाने जात ठेवणं शोभत नाही, पण सहलेखकाने ठेवलं तर चालतं. साहेबांना वाटलं असावं, मी त्यांचंच नाव देणार. ते लगेच कबूल झाले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची लिहायला हवी. पुढचा आठवडा त्यांनी माझ्या शेजारी बसून प्रत्येक माप पुन्हा घेतलं, माझ्या दोन चुका काढल्या, आणि दगडावर चढणाऱ्या बेडूकमाशांचं मी केलेलं वर्णन एक शब्द न बदलता ठेवलं. बेडूक त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. पण शोधला मी होता.

नाव मी ठेवलं केवळअक्काचं, शास्त्राच्या लॅटिन पद्धतीने वळवून. साहेबांनी वाचलं. "या कोण?" मी म्हटलं, "या नसत्या तर तुमची यादी चुकली असती." त्यांनी पुढचं पान उलटलं. पण पुढे निवृत्त होईपर्यंत त्या बेडकावर कुठेही बोलायचं म्हटलं की त्यांना साक्रीकडच्या एका म्हातारीचं नाव घ्यावं लागायचं. मला तेवढं समाधान पुरलं, असं मी म्हणणार नाही. पण बरंच पुरलं.

निबंध छापून आला तसा मी आणि नाना तो घेऊन गावात गेलो. अक्का ओट्यावर बायकांत बसलेली. मी चित्र दाखवलं आणि नावावर बोट ठेवलं.

"मन्हं नाव? बेडकीले?" तिने बायकांकडे बघितलं. "देखा व माय! आते मन्ही सून माले रोज बेडकी म्हनी!"

हसू ओसरल्यावर तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "नाव ठेवं ना? मंग घुगऱ्या कोठे शेतस?"

मी रिकाम्या हाताने आलो होतो. बारशाला घुगऱ्या लागतात, हे शोधनिबंधांच्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं. अक्काचं पुढचं तयारच होतं, "नि नाव फुई ठेवस. तू काय तिनी फुई शेस?" फुई म्हणजे आत्या. आता ओटाभर बायका लोळत होत्या.

मला राग आला की सगळं बाहेर पडतं. मी तिथेच सांगून टाकलं, की आत्या राहू दे, मला बापाचाही मान मिळाला नाही. कागदावर पहिलं नाव दुसऱ्याचं आहे, ज्याने हे गाव बघितलेलं नाही, हा कडा बघितलेला नाही.

अक्काने शांतपणे ऐकून घेतलं. मग सुनेला हाक मारून हरभरे भिजायला टाकायला सांगितले. "कागदवर कोन पहिला नि कोन दुसरा, आम्हले काय करनं शे? घुगऱ्या वाटस तो बाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर मोठं पातेलं चढलं. मी शेवटी पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन दारोदार फिरलो. प्रत्येक दारात कुणीतरी विचारायचं, "काय जायं, पोऱ्या का पोर?" मी सांगायचो, "बेडकी." आणि लोक गंभीरपणे म्हणायचे, "चांगलं जायं, पानीनी शे." त्या गावाला पुढे नळयोजना आली तेव्हा पाइप कड्याच्या चिरेला न लावता खालच्या झऱ्याला लावला गेला. त्यासाठी पंचायतीत कोण भांडलं असेल, हे वाचकांना सांगायला नको. आजूबाजूच्या आणखी काही कड्यांवरही ती बेडकं नंतर सापडली. आहेत, ओरडतायत.

त्या दिवशी सगळ्यांना वाटून झाल्यावर एक द्रोण मी साहेबांसाठी बाजूला काढला. नाना म्हणाले, "पोस्टाने पाठवणार? आंबतील सर."

मग मी तो घेऊन कड्याखाली जाऊन बसलो आणि एक दाणा न ठेवता खाऊन टाकला.